कालच्या आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे
अभ्यासलेख : वसतिगृहे व आश्रमशाळांत काम करणाऱ्यांसाठी



शाळा सुरू झाल्या आणि वसतिगृहे पुन्हा भरली. आर्वी, कारंजा, सेलू, समुद्रपूर या तालुक्यांतील गोंड, कोलाम, परधान कुटुंबांतली मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन आली. दरवर्षी या दिवसांत गृहपाल व शिक्षकांच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. पाचवी-सहावीची मुले संध्याकाळी मैदानातून आत यायला तयार नसतात आणि नववी-दहावीची मुले मैदानात जायला तयार नसतात. शिट्टी वाजली की रांगेत उभी राहतात, हातपाय हलवल्यासारखे करतात आणि शिट्टीवाल्याने पाठ फिरवली की ओट्यावर जाऊन बसतात. मोठ्या मुलींचे तर मैदान सुटलेलेच असते.

या कामात इतकी वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. हुकुमाने हललेले शरीर हुकूम थांबला की थांबते. ज्या मुलाने स्वतःसाठी एखादे लहानसे, मोजता येईल असे ध्येय ठरवले आहे, ते मूल शिट्टी नसतानाही हलते आणि सुट्टीत घरी गेल्यावरही ते चालू ठेवते. तेव्हा मुलांना त्यांचे ध्येय शोधायला मदत करणे आणि ते टिकवायला त्यांच्याबरोबर उभे राहणे, हे आपले काम आहे. ते कसे करावे, याचा या लेखात आपण विचार करू.

१. मुले का थांबतात?

पहिले कारण साधे आहे. पोडावरचे किंवा गावातले मूल दिवसभर चालत असते. पाणी आणायचे, शेळ्या वळायच्या, सरपण गोळा करायचे, मोहफुले वेचायची, शाळेला दोन-तीन किलोमीटर पायी जायचे. तेच मूल वसतिगृहात आले की झोपायची खोली, जेवणाची खोली आणि वर्ग यांच्यातले अंतर शंभर पावलांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगितले आहे. त्याबरोबर आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायामही हवा. घरी असताना आपली मुले हे न मोजता पूर्ण करत होती. आपण त्यांना शिक्षणासाठी आणले आणि हे त्यांच्याकडून नकळत सुटले. म्हणून ते परत देणे आपल्याकडे लागते.

दुसरे कारण क्रीडादिन. शंभर मुले धावतात, तिघांना बक्षीस मिळते. पुढच्या वर्षी तेच तिघे पुन्हा पुढे येतात. उरलेल्या सत्त्याण्णव मुलांनी त्या दिवशी काय शिकले? धावणे हे आपले काम नाही, एवढेच. तेरा-चौदा वर्षांचे वय असे असते की हसू होण्यापेक्षा बसून राहणे बरे वाटते.

तिसरे कारण शिक्षा. प्रार्थनेला उशीर झाला तर दहा उठाबशा, गृहपाठ केला नाही तर मैदानाला पाच चकरा. ज्या गोष्टीची मुलाला आवड लागावी असे आपल्याला वाटते तीच गोष्ट आपण शिक्षा म्हणून वापरतो. मग ती आवडीची कशी होणार? आपल्या वसतिगृहात अशी प्रथा असेल तर या लेखातले बाकी काही करण्याआधी ती बंद करावी.

चौथे कारण मुलींचे. मासिक पाळी सुरू झाली की अंग चोरणे सुरू होते. मैदान रस्त्यालगत असते, येणारे-जाणारे बघतात, ओढणी सावरत धावता येत नाही. ‘आता ती मोठी झाली’ असे घरचे म्हणतात आणि आपणही गप्प बसतो. मुलींसाठी वेगळी वेळ, सैल सलवार किंवा ट्रॅकपँट, सॅनिटरी पॅडची सोय आणि मैदानावर एखादी बाई किंवा ताई हजर असणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले. पालकसभेत ही गोष्ट जरूर सांगावी. मुलीचे धावणे घराण्याची लाज नव्हे, हे ऐकायची गरज मुलींपेक्षा पालकांना अधिक असते.

पालकांचा आणखी एक प्रश्न असतो. ‘आमची पोरं घरी काम करतातच. कापूस वेचतात, पाणी भरतात. मग व्यायाम कशाले?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. श्रमाला शिक्षणात मान हवा, ही गोष्ट तर याच वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत मांडली गेली आणि पुढे ती नई तालीम म्हणून देशभर गेली. पालकांना मी एवढेच सांगते की, श्रम चांगलेच आहेत. पण दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या मुलाची कंबर थकते, छाती आणि पाय तसेच राहतात. शिवाय ते काम घरासाठी असते. स्वतःच्या शरीरासाठी मुलाने ठरवलेले असे काहीतरी त्याच्याजवळ असावे.

२. पवनारचे उदाहरण

याबाबतीत मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती फार ढासळली होती. वय बेचाळीस, वजन ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी जवळचेच पवनार निवडले. धाम नदीच्या काठावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तिथे ते राहायला गेले. धामवरचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या चिंता सोडून दिल्याचे मनाशी म्हटले आणि मग शेतात खोदकाम सुरू केले.

ते कसे सुरू केले, हे आपल्या कामाचे आहे. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी जास्त. असे करत करत वेळ वाढवत नेली. मध्ये मध्ये थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा खोदायचे. त्याबरोबर नेमका आहार आणि पुरेशी झोप. वर्षभराच्या आत त्यांचे वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५८ किलोंवर गेले. पुढे १९५१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ते वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत पायी गेले आणि त्यानंतर भूदानासाठी तेरा वर्षे देशभर चालत राहिले.

हे उदाहरण मोठ्या माणसाचे म्हणून मुलांना सांगू नये. एका अशक्त माणसाचे म्हणून सांगावे. मुले लगेच कान देतात, कारण चाळीस किलो वजनाची अशक्त मुले त्यांच्या वर्गातही असतात. त्यातून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. काम त्यांनी स्वतः निवडले, कोणी लादले नाही. सुरुवात इतकी लहान होती की ती चुकणे शक्यच नव्हते. वाढ मोजून केली. आणि व्यायामाबरोबर अन्न व झोप यांचीही काळजी घेतली. शेजारी दुसरा कोणी किती खोदतो, याचा त्यात प्रश्नच नव्हता.

३. ध्येय कसे ठरवावे?

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. ती पाच पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी : आधी मोजा. आज आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय उद्या कुठे जायचे ते ठरत नाही. फिट इंडिया चळवळ २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाली. शाळांसाठी तिच्यात ज्या चाचण्या आहेत त्या आपल्या कच्च्या मैदानावरही घेता येतात. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी ५० मीटर जोरात धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, पाय लांब करून बसून पुढे वाकणे, पोटाचा व्यायाम आणि जोर, शिवाय उंची व वजन. २०० मीटरची चक्कर फक्कीने आखून घ्यावी, तीन चकरांचे ६०० मीटर होतात. एवढी जागा नसेल तर ५० मीटरची रेघ आखून सहा वेळा जाऊन यावे. वेळ मोबाईलवर मोजता येते. ६०० मीटरमध्ये चालण्याची मुभा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. आकडे मोठ्याने वाचू नयेत. ज्याचा आकडा त्यालाच सांगावा.

दुसरी पायरी : मुलाला निवडू द्या. पाच गोष्टींपैकी एकच. ‘तुला यातले काय थोडे बरे जमावे असे वाटते?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. काही मुले पटकन बोलतात, काहींना आठवडा लागतो. ज्याला धावणे नको त्याने दोरीवरच्या उड्या घ्याव्यात, झाडावर चढणाऱ्याने लटकून राहण्याची सेकंदे मोजावीत, लंगडीत रमणाऱ्या मुलीने एका पायावर न टेकता किती अंतर जाते ते मोजावे. खो-खो, कबड्डी, विटी-दांडू खेळणाऱ्याने आठवड्यात किती दिवस खेळलो हेच ध्येय धरले तरी चालते.

तिसरी पायरी : ध्येय आपल्या हातातले असावे. ‘पहिला नंबर काढीन’ हे ध्येय दुसऱ्याच्या पायांवर अवलंबून आहे. ‘हिरोसारखी बॉडी करीन’ हे तर आरशावर अवलंबून आहे. दहावीच्या एका मुलाने हेच ठरवले होते आणि पंधरा दिवसांत सोडून दिले, कारण पंधरा दिवसांत आरशात काही दिसत नाही. मग त्याने जोर मोजायला घेतले. सुरुवात चार जोरांपासून झाली, दिवाळीपर्यंत पंधरा झाले. ‘आठवड्यातून चार दिवस, तीन चकरा’ किंवा ‘चाराचे आठ जोर’ असे ध्येय ठरवले की ते पाळले की नाही, हे मुलाला स्वतःलाच कळते.

चौथी पायरी : मुदत सहा आठवड्यांची आणि नोंद वहीत. वर्षाचे ध्येय मुलाला दिसत नाही, आठवड्याच्या ध्येयात बदल दिसत नाही. सहा आठवडे पुरेसे असतात. दोन रुपयांच्या पाठकोऱ्या कागदावर तारखा आखून दिल्या तरी चालते, पण खूण मुलाने स्वतः करावी. भिंतीवर सर्वांचे तक्ते लावण्याचा मोह टाळावा. तक्ता लागला की पुन्हा क्रीडादिन सुरू झाला असे समजा.

पाचवी पायरी : सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि एकट्याशी बोला. दोनच प्रश्न विचारावेत. तेव्हा किती होते? आता किती आहे? आकडा वाढला असेल तर मुलाला तो स्वतः उच्चारू द्यावा. वाढला नसेल तर कारण शोधावे. ताप आला होता का, घरी जावे लागले का, जेवण पोटभर होत होते का? ध्येय फार मोठे होते असे दिसले तर ते लहान करावे. त्यात कमीपणा मानू नये.

४. एका मुलीची वही

आर्वी तालुक्यातील एका वसतिगृहातली नववीची मुलगी मैदानावर येतच नसे. पोट दुखते, डोके दुखते, अशी कारणे सांगे. एकदा भांडी घासताना तिने खरे कारण सांगितले. ‘ताई, मी शर्यतीत शेवटचीच येते. मले पाहून सारे हासतेत.’ घरी असताना हीच मुलगी मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन टेकडी उतरत असे. तिच्या पायांत बळ नव्हते असे नाही. मैदान आपले आहे, असे तिला कधी वाटले नव्हते.

तिला मी विचारले की, कोणी पाहत नसेल तर तुला काय करून पाहावेसे वाटते? ती म्हणाली, ‘न थांबता तीन चकरा.’ तेच तिचे ध्येय ठरले. पहाटे इतर मुली उठायच्या आधी तिने पहिल्यांदा ६०० मीटर पूर्ण केले, तेव्हा ती पाच वेळा थांबली. आम्ही वेळ मोजलीच नाही, फक्त थांबे मोजले. वहीत ५ लिहिले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ५, तिसऱ्यात ४. पाचव्या आठवड्यात ती आजारी पडली. सहाव्यात आकडा पुन्हा ४ वर आला आणि तिने वही टाकून दिली. ती वही उचलून ठेवून मी तिला एवढेच विचारले की, पहिल्या पानावर किती आहे? त्यावर ती काही बोलली नाही, पण दोन दिवसांनी मैदानावर आली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा हे सारे थांबेल असे मला वाटत होते. सुट्टीनंतर तिच्या गावी गेले, तर घराच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दिसल्या. शेताच्या बांधापर्यंत धावून आल्याची रोजची एक रेघ. मधले दोन-तीन दिवस रिकामे होते, बाकी सगळे भरलेले. तिच्या मागून तिचा लहान भाऊही धावू लागला होता. डिसेंबरात तिने न थांबता तीन चकरा पूर्ण केल्या.

जानेवारीतल्या क्रीडादिनी ती शेवटून दुसरी आली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टींच्या शेवटी सुवर्णपदक असावे अशी आपली अपेक्षा असते. तिला बक्षीस मिळाले नाही. पण ती त्या दिवशी मैदानावर होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही होती.

प्रत्येक मुलाचे असे होत नाही. त्याच वर्षी एक मुलगा कापूस वेचणीला घरच्यांबरोबर गेला, महिन्याने परतला आणि त्याचा आकडा अर्ध्यावर आला होता. अशा वेळी जुन्या आकड्यापासून सुरुवात करायला लावली की मूल हिरमुसते. आज जेवढे जमते तेवढ्यापासून नवे पान सुरू करावे. आपल्या मुलांचे वर्ष मोहफुले, तेंदूपत्ता आणि कापूस यांच्या हंगामाने बांधलेले असते. ध्येयाची मुदतही त्या हंगामांकडे पाहून ठरवावी.

५. सिकलसेल : याकडे दुर्लक्ष नको

हा भाग प्रत्येकाने दोनदा वाचावा. विदर्भातील आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात शरीरात पाणी कमी पडले, अतिश्रम झाले, फार थंडी किंवा ताप आला की रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून तीव्र वेदना होतात आणि कधी जिवावरही बेतते. आपल्या चांगल्या हेतूने एखाद्या मुलाचा जीव धोक्यात येऊ नये.

म्हणून हे नियम पाळावेत. चाचण्या सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, ते पाहावे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. पुढील उपचारांसाठी आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत. तपासणीचा निकाल गुप्त ठेवावा, तो मैदानावर चर्चेचा विषय होऊ नये.

जे मूल सिकलसेलचे रुग्ण आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करावा. त्याला वेळ लावून धावायला लावू नये. आपल्या चालीने चालणे, ताण देणारे हलके व्यायाम, मध्ये मध्ये विसावा, हे त्याचे ध्येय असू शकते. जे मूल वाहक आहे ते सहसा सर्वांसारखे खेळू शकते, पण कडक उन्हात दम संपेपर्यंत पळणे त्यानेही टाळावे. पाण्याची बाटली सर्वांजवळ असावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हातपाय किंवा छाती दुखणे, धाप न थांबणे, डोळे पिवळे दिसणे किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर लगेच थांबवावे आणि दवाखान्यात न्यावे. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य आपल्या मैदानावर कोणीही उच्चारू नये.

आणि एक गोष्ट सर्वांनाच लागू आहे. वर्ध्याचा उन्हाळा आपण जाणतो. मार्चपासून जूनपर्यंत मैदान सकाळी लवकरच वापरावे. उपाशी मुलाला धावायला लावू नये. ज्या मुलाचे वजन घटते आहे, त्याचे पहिले ध्येय पोटभर जेवण आणि झोप हेच असावे. पवनारचा धडाही हेच सांगतो.

६. मोठ्या मुलांसाठी : भरतीचे स्वप्न

अकरावी-बारावीच्या मुलामुलींना पोलीस भरतीचे स्वप्न असते आणि ते चांगले स्वप्न आहे. शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ आणि गोळाफेक १५. मुलींसाठी १६०० च्या जागी ८०० मीटर. यात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेपर्यंत जाता येत नाही. पुष्कळ मुले जाहिरात निघेपर्यंत काही करत नाहीत आणि मग महिनाभर डांबरी रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पळतात. नडग्या सुजतात, गुडघा धरतो आणि चाचणीच्या दिवशी लंगडत परत येतात. एका घराची वर्षभराची आशा त्या नडगीवर असते.

त्यांना हे समजावून सांगावे की, शरीर हळूहळू तयार होते. १६०० मीटर धावायचे असेल तर आधी न थांबता तेवढे अंतर जमले पाहिजे, वेळेचा विचार त्यानंतर. शक्यतो मातीवर धावावे, आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांचे ‘मिशन शौर्य’ आपल्याला आठवत असेल. त्यांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख अशा टप्प्यांनी ते पुढे गेले आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे व विकास सोयाम एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. ही मुलेही आश्रमशाळेतच शिकत होती. एव्हरेस्टची तयारीसुद्धा नऊ महिने, पायरी पायरीने आणि आपल्या वर्ध्याच्या मातीवरून झाली, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. त्या तुकडीत दहा विद्यार्थी होते, पाच शिखरापर्यंत गेले. उरलेल्या पाच जणांनीही जे शरीर आणि जे धैर्य कमावले ते त्यांच्याजवळच राहिले.

७. शास्त्राच्या प्रकाशात

पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना शर्यतीचे आणि मल्लाच्या संयमाचे उदाहरण घेतले, कारण त्या शहराजवळ मोठे खेळ होत आणि लोकांना मैदान ठाऊक होते. पण आपल्या विषयाला मला त्याहून जवळचा वाटतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातला दाखला. धन्याने एका दासाला पाच हजार रुपये दिले, एकाला दोन, एकाला एक. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धन्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली. दहा आणि चार यांची त्याने तुलना केली नाही. तिसऱ्याने मात्र भीतीपोटी आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला. आपल्या मैदानाच्या कडेला ओट्यावर बसलेली मुले आळशी नसतात, बहुधा भ्यालेली असतात. चाराचे आठ जोर करणाऱ्या मुलाला, पन्नास जोर काढणाऱ्याला मिळते तेवढीच शाबासकी आपल्या तोंडून मिळते का? हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वसतिगृहात कोणत्या वयापासून मुले मैदान सोडतात? मुलींच्या बाबतीत नेमके कोणते कारण आहे, हे त्यांना विचारले आहे का?
२. व्यायाम शिक्षा म्हणून कुठे वापरला जातो? त्याऐवजी काय करता येईल?
३. किती मुलांची सिकलसेल तपासणी बाकी आहे? ती कधीपर्यंत पूर्ण करणार आणि जबाबदारी कोणाची?
४. क्रीडादिनात ‘स्वतःच्या आकड्यात सुधारणा’ यासाठी काही जागा ठेवता येईल का?

या तिमाहीचे काम

प्रत्येक गृहपाल, शिक्षक व कार्यकर्त्याने स्वतःसाठीही एक ध्येय ठरवावे आणि वहीत लिहावे. माझे ध्येय आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे हे आहे आणि मुली माझी वही तपासतात. मग आपल्याकडच्या पाचच मुलांची निवड करावी. ती पुढे पळणारी नसावीत, ओट्यावर बसणारी असावीत. त्यांच्याबरोबर सहा आठवडे ही पद्धत वापरून पाहावी आणि काय घडले ते पुढच्या बैठकीत सांगावे. जमले नाही तेही सांगावे, त्यातूनच आपल्याला पुढचे शिकायला मिळेल.